पोस्टखात्याचा सगळ्यात मोठा साहेब कोण? (आणि आपल्याला एकाचंही नाव का ठाऊक नाही?)

बोरीबंदरचा बोका | शनिवार, सायं. ७:४०

वडिलांच्या बचतपत्रांच्या वारसनोंदीसाठी गेल्या आठवड्यात आमच्या उपनगरातल्या एका पोस्टात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला 'सर्व्हर बसलाय, बसा जरा' म्हणून मला पोस्टमास्तरांच्या खोलीतच बसवून ठेवलं. समोर भिंतीवर लाकडी फलक. आतापर्यंतच्या पोस्टमास्तरांची नावं, पुढे 'पासून' आणि 'पर्यंत'. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बोटांवर हिशेब केला. वरची पाच-सहा मंडळी चार-चार, पाच-पाच वर्षं टिकलेली. खालच्या चौघांची मिळून तीन वर्षंही भरत नव्हती.

घरी आलो आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. एका पोस्टाचा फलक असा, तर अख्ख्या खात्याचा कसा असेल? रेल्वेमंत्री कोण होते म्हटलं की चार नावं कुणीही सांगतो. टपालखात्याचा प्रमुख म्हटलं की सगळे गप्प. मग रविवार घातला त्यात. जे हाती लागलं ते इथे टाकतोय, भर घाला, चुका काढा.

सुरुवात कंपनी सरकारची. क्लाइव्हने १७६६ मध्ये टपालाची घडी बसवली, पण ती कंपनीच्या कामापुरती. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये ती सर्वसामान्यांना पैसे घेऊन खुली केली आणि कलकत्त्यात पोस्टमास्तर जनरल नेमला. मद्रास आणि मुंबई नंतर. यात गंमत अशी की पुढची सत्तर-ऐंशी वर्षं या देशात टपालाचा एक प्रमुख असा नव्हताच. प्रत्येक इलाख्याचा आपापला पोस्टमास्तर जनरल, आपापले दर, आपापला कारभार. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचं पत्र पाठवायचं तर एक रुपया पडायचा. त्या काळचा रुपया, हे लक्षात घ्या.

१८५० मध्ये तीन सदस्यांचा आयोग बसला, त्याने सगळं उकरून काढलं आणि डलहौसीच्या काळात १८५४ चा कायदा आला. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशासाठी एक खातं आणि त्यावर एक डायरेक्टर जनरल. पहिला माणूस रिडेल. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते गिरगावातून ठाकुरद्वारला जावो की पेशावरला. तेव्हा देशात पोस्टं होती ७०१.

माझ्या मते या खात्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच: अंतर दरातून काढून टाकणं. लांब राहणाऱ्याला लांब राहण्याचा दंड नाही. आजही पोस्टाचं साधं पाकीट घ्या, कुलाब्याला टाका की कोहिमाला, तिकीट तेवढंच.

पुढे माँटिथ. त्यांच्या काळात, १८७९ च्या जुलैत, पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. मग फ्रेडरिक हॉग. १८८० मध्ये मनीऑर्डर पोस्टाकडे आली, १८८२ मध्ये देशभर बचत बँक, १८८४ मध्ये टपाल विमा. चार वर्षांत तीन गोष्टी, आणि तिन्ही आजवर कुठल्या ना कुठल्या रूपात चालू होत्या किंवा आहेत. त्यानंतर फॅनशॉ, १८८९ ते १९०६. सतरा वर्षं एका खुर्चीत! १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि तो आपण परवापरवापर्यंत वापरत होतो. त्यांच्याच काळात बंगालमध्ये पोस्टातून एक पैशाला क्विनीनची पुडी विकायला सुरुवात झाली. हिवतापावरचं औषध पोस्टाच्या खिडकीवर!

तर माझं म्हणणं असं: जे दीर्घकाळ बसले त्यांनी खातं उभं केलं. आता माणूस खुर्ची उबवायच्या आत निवृत्त होतो. पटतंय का?

---

शंकेखोर | शनिवार, रात्री ८:१५

लेख झकास, पण रिडेलला एकट्याला हार घालू नका. तिकिटाची कल्पना त्याच्याआधी सिंधमध्ये बार्टल फ्रिअरने राबवली होती. १ जुलै १८५२, 'सिंध डाक'. लाखेचं, पांढरं आणि निळं अशी तिकिटं निघाली. लाखेचं तडकायचं म्हणून बाकीची कागदावर आली. १८५४ मध्ये अखिल भारतीय तिकिटं आली आणि ती बंद झाली.

हा फ्रिअर टपालखात्याचा नोकर नव्हताच, तो सिंधचा कमिशनर. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, किल्ल्याच्या भिंती पाडल्या त्या त्यानेच. आपलं फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्या नावाने व्हायचं होतं. आणि योगायोग बघा, त्या फाउंटनशेजारचं तारघर आहे ना, ते आधी मुंबईचं जीपीओ होतं. म्हणजे देशात पहिलं तिकीट काढणाऱ्याच्या कारंजासमोर मुंबईचं मोठं पोस्ट. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण मला फार आवडतं.

---

कातळसडा | शनिवार, रात्री ९:०२

हॉगसाहेबांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं, आणि आमचं अख्खं घर त्यांच्या उपकारावर चाललं की!

आजोबा लालबागला गिरणीत, आजी राजापूर तालुक्यात. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात रांग. खोलीत बारा जण राहायचे, ज्याला लिहिता यायचं तो सगळ्यांचे फॉर्म भरायचा. फॉर्मच्या खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची. त्यात मावेल तेवढंच बोलायचं. 'तब्येत ठीक. गणपतीला येतो. म्हशीचे पाहणे.' आजीने त्या चिठोऱ्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आजोबांचं अक्षर नव्हतंच ते, दुसऱ्याचं होतं, तरी ठेवल्या.

गावात पोस्टमन आला की कुणाच्या घरी किती आले ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला ठाऊक. पोस्टमनच्या हातावर चहा-पाण्याचे ठेवल्याशिवाय आजी त्याला सोडायची नाही. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा' म्हणून हिणवायचे. ते लिहिणाऱ्यांना हॉग माहीत होता का कोण जाणे.

---

तिरसट | शनिवार, रात्री ९:३०

बोकोबा, सतरा वर्षं खुर्चीवर बसणं हा गुण कधीपासून झाला? फॅनशॉला निवडणूक नव्हती, माहितीचा अधिकार नव्हता, संसदेत प्रश्न नव्हते. हरकाऱ्याला वाघाने खाल्लं तर दुसरा हरकारा. असली सत्ता दिली तर मीही सतरा वर्षं काढीन.

आणि भारतीय माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचायला १९४७ उजाडावं लागलं. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

---

निवृत्त सॉर्टर | शनिवार, रात्री १०:४८

तिरसट, १९४७ उजाडावं लागलं नाही. सर गुरुनाथ बेवूर हे आयसीएस अधिकारी १९३० च्या दशकात डायरेक्टर जनरल होते. आडनाव ओळखीचं वाटेल, कारण त्यांचे चिरंजीव गोपाळ बेवूर पुढे भूदलाचे प्रमुख झाले. स्वातंत्र्याच्या वेळी त्या खुर्चीवर कृष्ण प्रसाद होते, तेही आयसीएस.

त्याच्याही कितीतरी आधी, १८८१ मध्ये, राय सालिग्राम हे वायव्य प्रांताचे पोस्टमास्तर जनरल झाले. त्या पदावरचा पहिला भारतीय. आग्र्याचे. कारकून म्हणून लागलेला माणूस प्रांताचा प्रमुख झाला, आणि नंतर सगळं सोडून राधास्वामी पंथाचे गुरू झाले. अनुयायी त्यांना हुजूर महाराज म्हणतात. आमच्यात साहेबांना 'महाराज' म्हणायचे ते वेगळ्या अर्थाने.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो. रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं खणांत टाकायची. आमच्या दृष्टीने 'डीजी' म्हणजे परिपत्रकाखालची सही. पण साहेब बदलला की सहा महिन्यांत खाली कळायचं. एकाला शिस्तीचं वेड, तो आला की हजेरीपट. दुसऱ्याला आकड्यांचं, तो आला की रोज संध्याकाळी तक्ता. तिसरा एकदा आमच्या डब्यात रात्रभर प्रवासाला आला, सोबत कुणी नाही. पहाटे उतरताना एवढंच म्हणाला, 'दिवे फार मंद आहेत.' दोन महिन्यांत दिवे बदलले. त्याचं नाव आमच्या संघातला प्रत्येक जण सांगेल, मी इथे लिहीत नाही.

तेव्हा बोका, वर्षं मोजू नका. रात्रीच्या डब्यात कोण आला ते मोजा.

---

चाफेकळी | रविवार, सकाळी ८:२०

इतके साहेब झाले, पण आपण रोज ज्याचं काम वापरतो तो माणूस कुणी काढलाच नाही: श्रीराम भिकाजी वेलणकर. पिनकोड!

ते डायरेक्टर जनरल नव्हते. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल-तार मंडळाचे सदस्य. शिक्षण आपल्या विल्सन कॉलेजात, जीव संस्कृतात. संस्कृत काव्यं आणि नाटकं लिहायचे, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला.

अडचण साधी होती. वडगाव किती? पिंपळगाव किती? वर पत्ता कुणी मोडीत, कुणी उर्दूत, कुणी तमिळमध्ये लिहिलेला. सॉर्टरला सगळ्या लिप्या येणार कशा? आकडा मात्र सगळ्यांना येतो. सहा आकडे: पहिला विभागाचा, त्यातला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाननी जिल्हा. शेवटचे तीन तुमचं पोस्ट. ९ लष्करासाठी राखून ठेवलेला. ४००००१ म्हणजे आपलं जीपीओ.

व्याकरण शिकलेल्या माणसानेच हे करावं यात मला नवल वाटत नाही. धातू, प्रत्यय, विभक्ती. मोजक्या खुणांत सगळं बसवायचं. (हे माझं मत, पुरावा मागू नका.)

आज जेवण मागवा, कर्ज काढा, लग्नाच्या साइटवर नाव घाला, आधी पिनकोड. पत्र न लिहिणारी पिढीसुद्धा वेलणकरांचं काम दिवसातून दोनदा टाइप करते.

---

निवृत्त सॉर्टर | रविवार, सकाळी ९:०५

चाफेकळीताई, शंभर टक्के. पिनकोडाआधी नवीन सॉर्टरला गावांची नावं पाठ करावी लागायची. जुनी मंडळी पत्र हातात आलं की न वाचता खणात टाकायची. पिन आला तेव्हा त्यांनी नाकं मुरडली होती. 'आता पाटीवरची पोरंही सॉर्टिंग करतील.' बरोबर होतं त्यांचं. तेच तर हवं होतं.

---

तिरसट | रविवार, सकाळी ११:१०

बेवूरांबद्दल चूक कबूल. आता माझा खरा मुद्दा: स्वातंत्र्यानंतर खात्याचं नेतृत्व दिल्लीतल्या मंत्र्यांकडे गेलं. आपल्या मुंबईनेच किती दळणवळण मंत्री दिले बघा. स. का. पाटील १९५८-५९. जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये काही महिने, मग उद्योगखातं. प्रमोद महाजन. राज्यमंत्री म्हणून गुरुदास कामत, मिलिंद देवरा. पोस्टासाठी कुणी काय केलं? सगळ्यांचा जीव टेलिफोनात. देवरांच्या वेळी तर तारही बंद पडली.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ११:३२

तार पोस्टाने बंद केली नाही हो! १९८५ च्या जानेवारीत टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, तार तिकडे गेली. जुलै २०१३ मध्ये ती बंद केली बीएसएनएलने. १९१४ पासून एकत्र नांदलेली दोन भावंडं वेगळी झाली, आणि वाटणीत कमावता भाऊ पलीकडे गेला. टपाल उरलं म्हाताऱ्या आईबापांसारखं. तेव्हाचे अधिकारी यावर अजून हळहळतात.

मंत्र्यांत मात्र एक सोडू नका: रफी अहमद किडवाई, पहिले दळणवळण मंत्री. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानडाक सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला जमायची. थैल्यांची अदलाबदल, की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! १९४९ साली! आता कुरियरवाला 'उद्या नक्की' म्हणतो आणि परवा येतो.

---

वऱ्हाडी ठेचा | रविवार, दुपारी १२:०५

नागपूरचं नाव निघालं म्हणून हजेरी लावतो. सोनेगावला थंडीत मध्यरात्री शेकोट्या पेटवून लोक विमानांची वाट पाहत, असं आमचे मामा सांगत. बाकी मुंबईकरांचं चालू द्या.

---

कातळसडा | रविवार, दुपारी १:४०

साहेब आणि मंत्री यांच्या मधला एक तिसरा प्रकार राहिला. संघटनेचे पुढारी.

११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कामगार देशभर संपावर गेले. मुंबई त्यात आघाडीवर. फेब्रुवारीत नौसैनिकांचं बंड याच शहरात झालं होतं, वातावरण तापलेलंच. २२ जुलैला पोस्टमनांना पाठिंबा म्हणून मुंबईत सार्वत्रिक हरताळ झाला. गिरण्या बंद! ज्या गिरणी कामगारांची मनीऑर्डर पोस्टमन गावाला नेत होता, ते त्याच्यासाठी रस्त्यावर आले. आमचे आजोबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते एवढं घरात सांगतात.

डायरेक्टर जनरलच्या यादीत हे कुठे बसवाल?

---

बोरीबंदरचा बोका | रविवार, सायं. ६:५५

काल एक मुद्दा घेऊन आलो होतो, तो आता बराच विरघळलाय. सॉर्टरकाका, 'दिवे फार मंद आहेत' हे मी आज बायकोला दोनदा सांगितलं.

तरी वर्षांचा मुद्दा पूर्ण सोडत नाही. किडवाईंना चारेक वर्षं मिळाली म्हणून रात्रीची डाक रुळली. हॉग चार महिन्यांत बदलून गेला असता तर बचत बँक झाली असती का? वेलणकरही खात्यात मुरलेले होते, बाहेरून आणून बसवलेले नव्हते. मला वाटतं खुर्चीपेक्षा मुरणं महत्त्वाचं. एवढी दुरुस्ती करून माझं घोडं पुढे दामटतो.

---

अर्धविराम | रविवार, रात्री ८:१०

थोडी ताजी भर. आता टपाल विभागाचे सचिव वेगळे आणि डायरेक्टर जनरल वेगळे असतात. पूर्वी एकच व्यक्ती दोन्ही टोप्या घालायची. २०२४ मध्ये सचिवपदावर वंदिता कौल आल्या, आणि त्या काही या पदावरच्या पहिल्या बाई नव्हेत. बाकी केंद्रीय खात्यांच्या मानाने इथे बायका वरपर्यंत बऱ्याच आधीपासून पोचल्या. याबद्दल कुणी लिहीत नाही.

फॅनशॉच्या काळातला १८९८ चा कायदा गेला, जून २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला. पत्रं उघडून बघण्याचा अधिकार सरकारकडे तोही ठेवतो, हे लक्षात असू द्या. याच मुद्द्यावर १९८६ मध्ये संसदेने केलेली दुरुस्ती ग्यानी झैलसिंग यांनी सहीच न करता टेबलावर ठेवून दिली होती. सही नाही, परतही नाही. टपालाच्या इतिहासात राष्ट्रपतींनी बजावलेली एवढी मोठी कामगिरी दुसरी नाही, आणि ती काहीही न करून!

आणि हो, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. 'रजिस्टर एडी करा' म्हणणारे वकील अजून गोंधळलेले आहेत. मीही त्यातलाच एक.

---

चाफेकळी | रविवार, रात्री ८:४५

विषय जीपीओपर्यंत आलाच आहे तर: ती इमारत जॉन बेगची, १९०४ ते १९१३. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. बेवूर नावाचं गाव त्याच मुलखात, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात. सर गुरुनाथ कधी त्या घुमटाखाली उभे राहिले असतील तर त्यांना काय वाटलं असेल, एवढाच विचार करतेय. पुढच्या रविवारी कुणी येतंय का बघायला? आत गेलात की मान वर करा, खिडक्यांकडे नंतर.

---

निवृत्त सॉर्टर | रविवार, रात्री ९:२०

येतो. पण रविवारी नको, आत माणसं कामाला दिसली पाहिजेत. शनिवारी सकाळी भेटू, कबुतरखान्यापाशी. टोपी घालून या.

---

बोरीबंदरचा बोका | बुधवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतोय. आज चौथी खेप. काम झालं! पोस्टमास्तर बदललेत. नवीन बाई आल्यात, त्यांनी वीस मिनिटांत कागद हातावेगळे केले. निघताना फलकाकडे पाहिलं. त्यांचं नाव अजून आलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, 'पेंटर यायचाय. तो वर्षातून एकदाच येतो.'

---

तिरसट | बुधवार, दुपारी ४:२२

आणि सर्व्हर?

---

बोरीबंदरचा बोका | बुधवार, दुपारी ४:२५

चालू होता. मी बाहेर पडलो तेव्हा बसला.